उपवास आणि दान : श्रावकाची जोडव्रते

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, दशलक्षण पर्वातील उत्तम त्यागाच्या दिवशी दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव करण्यासाठी माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते येथे आहेत आणि ते तो करतीलच. मला विषय दिला आहे तो उपवास आणि दान हा. दशधर्मांच्या क्रमात काल सातवा दिवस होता, उत्तम तपाचा. आज आठवा, उत्तम त्यागाचा. आचार्यांनी तपानंतर लगेच त्याग ठेवला आहे. कालच्या दिवसाने जे सोडले, त्याचे आज काय झाले, असा प्रश्न हा क्रमच आपल्याला विचारतो, असे मला नेहमी वाटते. आजचे बोलणे त्या एका प्रश्नापुरतेच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगून टाकतो. आपल्या समाजात या दोन व्रतांची एक अलिखित वाटणी झालेली आहे. उपवास स्त्रियांनी करायचे आणि दान पुरुषांनी द्यायचे. दहा उपवास करणाऱ्यांची नावे ऐकावीत, तर त्यांत बहुतेक श्राविका. अभिषेकाचा सवाल धरणाऱ्यांची नावे ऐकावीत, तर सगळे श्रावक. जिने जेवण सोडले, तिच्या हाती द्यायला काही नाही. ज्याच्या हाती द्यायला आहे, त्याने सकाळचा नाश्ता सोडलेला नाही. माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत, आणि ते या सभेतही बसलेले आहेत. परंतु ते अपवादच आहेत, हे आपण मान्य करू.

शास्त्रात अशी वाटणी नाही. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात चार शिक्षाव्रते सांगितली, त्यांत तिसरे प्रोषधोपवास आणि चौथे वैयावृत्य. हे वैयावृत्य म्हणजेच दान. दोन्ही व्रते एकाच श्रावकाला, एकापाठोपाठ एक, सांगितली आहेत. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी क्रम थोडा वेगळा लावला. तेथे प्रोषधोपवास आणि अतिथिसंविभाग यांच्यामध्ये भोगोपभोगाचे परिमाण येते. आधी अन्न सोडून पाहावे, मग रोजच्या भोगाला मर्यादा घालावी, आणि मर्यादेबाहेर जे उरले त्यात दुसऱ्याचा विभाग काढावा, असा हा जिना आहे.

प्रोषधोपवासाचे पूर्ण स्वरूप आपल्यापैकी कितीजणांच्या आचरणात आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. सप्तमीला एकभुक्त, अष्टमीला चारही आहारांचा त्याग आणि नवमीला पुन्हा एकभुक्त, असे सोळा प्रहर. म्हणजे अठ्ठेचाळीस तास. या काळात अन्न तर नाहीच. पण आरंभ नाही, शृंगार नाही, गंध-पुष्पे नाहीत, अंजनही नाही. समंतभद्रांनी या व्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत अनादर आणि अस्मरण हे दोन आहेत. पोटात अन्न नाही, पण व्रताविषयी आदर नाही आणि आपण व्रतात आहोत याचे भानही नाही, तर व्रताला दोष लागला. उपवासाच्या दिवशी दुपारभर दूरचित्रवाणीसमोर बसून संध्याकाळ केव्हा होते याची वाट पाहणे, हे या दोनही अतिचारांत बसते.

सहा बाह्य तपांपैकी पहिली चार अन्नाशीच निगडित आहेत. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग. यांतले अवमौदर्य मला विशेष प्रिय आहे, कारण ते म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, शेतात राबणाऱ्यांनाही जमते. मूलाचारात पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानला आहे. त्यातला एक घास जरी कमी केला, तरी अवमौदर्य सुरू झाले. एकतिसाव्या घासाला थांबणारा माणूस तप करतो, हे आपल्या धर्माचे केवढे औदार्य! पण तो बत्तिसावा घास कोठे गेला? तो पातेल्यातच राहून दुसऱ्या दिवशी शिळा झाला, तर तप झाले, त्याग मात्र झाला नाही.

आता ज्या प्रसंगात ही दोन्ही व्रते समोरासमोर येतात, तो आपणा सर्वांना ठाऊक असलेला प्रसंग. भगवान ऋषभदेवांनी दीक्षा घेतल्यावर सहा महिने आहार घेतला नाही. त्यांच्याबरोबर चार हजार राजांनी दीक्षा घेतली होती. भूक असह्य होऊन ते मार्गातून ढळले, कंदमुळे खाऊ लागले. सहा महिन्यांनंतर भगवान आहारासाठी निघाले. येथपर्यंतची कथा आपण तपाची म्हणून सांगतो. खरी कथा पुढे आहे. लोक भगवंतांवर अत्यंत प्रेम करणारे होते. कोणी रत्ने आणली, कोणी हत्ती, कोणी रथ, कोणी वस्त्रे, कोणी आपल्या कन्या पुढे केल्या. पण भुकेल्याला अन्न द्यावे आणि ते कसे द्यावे, हे एकालाही माहीत नव्हते. असे आणखी सहा महिन्यांहून अधिक काळ चालले. शेवटी हस्तिनापुरात सोमप्रभ राजाचा बंधू श्रेयांस याला पूर्वभवात मुनींना दिलेल्या आहाराचे स्मरण झाले आणि त्याने उसाचा रस दिला. तो दिवस वैशाख शुद्ध तृतीया, आपली अक्षय्य तृतीया.

या कथेचा विचार करताना माझे मन नेहमी त्या हत्ती-घोडे आणणाऱ्या लोकांपाशी अडते. ते कृपण नव्हते. त्यांनी फार दिले. पण जे दिले ते स्वतःच्या वैभवाच्या मापाने दिले, समोरच्याच्या गरजेच्या मापाने नाही. तीर्थंकर तेराव्या महिन्यातही उपाशी आहेत आणि राज्यभर दानाची धामधूम चालू आहे, असे ते दृश्य आहे. आदिपुराणात श्रेयांसाला दानतीर्थाचा प्रवर्तक म्हणून गौरविले आहे. एक ओंजळ रसासाठी एवढी मोठी पदवी! उसाचा रस काही दुर्मीळ नव्हता. श्रेयांसाने फक्त समोरच्याला काय हवे ते ओळखले.

दुसरा प्रसंग कौशांबीचा. चेटक राजाची कन्या चंदना दासी होऊन एका श्रेष्ठीच्या घरी पडली होती. श्रेष्ठिपत्नीने मत्सराने तिला बेड्या घातल्या; मातीच्या पात्रात कोद्रवाचा भात तिला मिळे. भगवान महावीर आहारासाठी आले आणि तिने तेच अन्न त्यांना दिले. श्वेतांबर परंपरेत ही कथा अभिग्रहाच्या अंगाने येते आणि तेथे उडदाचे बाकळे आहेत. तपशील निराळे असले, तरी दोन्ही परंपरांत दाता कोण, हे एकच आहे. देणारी स्वतः उपाशी, बेडीत अडकलेली, आणि घेणारा त्रैलोक्याचा नाथ. दान हा श्रीमंतांचा धर्म आणि उपवास हा गरिबांची सक्ती, असे मानणाऱ्याने चंदनेची कथा पुन्हा वाचावी. आपल्याकडे दातृत्वाच्या दृष्टांतांत एक रानडुक्करही आहे. गुहेतल्या मुनींवर चालून येणाऱ्या वाघाशी झुंजून त्याने प्राण दिले आणि दानाच्या दृष्टांतांत समंतभद्रांच्या श्रावकाचारात त्याची गणना झाली. त्याच्याजवळ तर देण्यासारखे शरीराशिवाय काहीच नव्हते.

यावर आपल्या स्वाध्याय मंडळांतून दोन आक्षेप हमखास येतात, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप पात्रतेचा. दान सत्पात्री द्यावे, मुनी, आर्यिका, व्रती यांना द्यावे. रस्त्यावरचा भुकेला हे पात्र आहे काय? याचे उत्तर जिनसेनाचार्यांनी दिले आहे. हे आचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूटांच्या राजवटीतले. आपण जेथे बसलो आहोत तो प्रदेशही तेव्हा त्याच राजवटीत होता. आदिपुराणात त्यांनी दत्तीचे चार प्रकार सांगितले. दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती. पहिली दयादत्ती आहे, हे ध्यानात घ्यावे. पात्रदत्तीत पात्र पाहावे, विधी पाहावा, नवधा भक्ती करावी. दयादत्तीत पाहायचे ते इतकेच, की समोरचा जीव दुःखात आहे की नाही. त्याचा धर्म, जात, व्यसन, आळस यांची चौकशी दारात उभे राहून करणे हे पात्रदत्तीचे नियम दयादत्तीला लावणे होय.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. दानाने पुण्यबंध होतो, पुण्य हाही बंधच, सोन्याची बेडी ती बेडीच. मग मोक्षार्थ्याने त्यात का पडावे? निश्चयदृष्टीने हे बरोबर आहे आणि मी त्याचा अनादर करीत नाही. पण ज्या कुंदकुंद आचार्यांचे नाव या युक्तिवादात घेतले जाते, त्यांनीच पंचास्तिकायात अनुकंपेचे लक्षण सांगितले आहे, हे विसरून चालणार नाही. भुकेलेला, तहानलेला, पीडित जीव पाहून ज्याचे मन व्याकूळ होते आणि जो दयेने त्याच्याशी वागतो, त्याच्या ठायी अनुकंपा आहे, असा त्याचा आशय आहे. शिवाय एक साधी गोष्ट. पुण्याच्या बेडीची भीती आपल्याला नेमकी दान देताना वाटते. दुकानाची दुसरी शाखा काढताना, जमिनीचा तुकडा घेताना ती वाटत नाही. ज्याने परिग्रह सोडला त्या मुनींनी पुण्यबंधाचा विचार जरूर करावा. आपण अजून पापबंधाच्या हिशेबातूनच बाहेर पडलेलो नाही.

आता दान कसे बिघडते याविषयी थोडे. तत्त्वार्थसूत्रात अतिथिसंविभागाचे पाच अतिचार आहेत. त्यांतले शेवटचे तीन केवळ मुनींच्या आहारापुरते मर्यादित आहेत असे मला वाटत नाही. परव्यपदेश, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर ढकलणे. मात्सर्य, म्हणजे दुसऱ्या दात्याच्या ईर्ष्येने किंवा अनादराने देणे. कालातिक्रम, म्हणजे वेळ टळून गेल्यावर देणे. मात्सर्याविषयी मी बोललो तर काहींना राग येईल. सवालाच्या वेळी शेजारच्या गल्लीतल्याने एवढे म्हटले म्हणून आपण तेवढे म्हणायचे, हे दान खरे. पण त्याच्या पोटात मत्सर आहे. बस्तीचा जीर्णोद्धार या बोलींच्या पैशातूनच झाला, हे मी जाणतो. म्हणून बोली बंद करा असे म्हणत नाही. अतिचार असतानाही व्रत शिल्लक राहते, ते मलिन होते इतकेच.

श्वेतांबर आगमांपैकी स्थानांग सूत्रात दानाचे दहा प्रकार आहेत. त्यांत अनुकंपादान आहे, धर्मदान आहे. त्याचबरोबर भयदान आहे, लज्जादान आहे, गौरवदान आहे, आणि पुढे हा माणूस आपल्या उपयोगी पडेल म्हणून दिलेले दानही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे वर्गीकरण आपल्या कोणत्याही संस्थेच्या देणगीदारांच्या यादीशेजारी ठेवून वाचावे. संगमरवरी फलकावर माझेही नाव आहे. यांतल्या कोणत्या प्रकारात ते बसते, याचा मी अनेकदा विचार केला आहे आणि उत्तर फारसे समाधानकारक आलेले नाही.

याच्या उलट एक उदाहरण. कच्छमधील भद्रेश्वरचे जगडू शाह यांनी तेराव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळात आपली धान्याची कोठारे खुली केली. ते धान्य गरिबांसाठीच साठविलेले आहे, असे त्यांनी कोठारांत लिहून ठेवले होते, असे त्यांच्या चरित्रात आहे. त्याच चरित्रात लज्जापिंडांची हकीकत येते. कुलीन पण गरिबीत आलेली माणसे दिवसा रांगेत येण्यास लाजत. त्यांना रात्री मिठाई दिली जाई आणि तिच्यात सोन्याचे नाणे दडविलेले असे. घेणाऱ्याची लाज राखणे हा दानाच्या विधीचाच भाग आहे, हे या वणिकाला कळले होते.

लज्जापिंडांचे नाव मी फार उशिरा, निवृत्तीनंतर वाचले. पण ती गोष्ट मी पाहिली होती. १९७२ च्या दुष्काळात आम्ही सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात राहत होतो. विहिरी आटल्या होत्या. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात. रेशनवर तांबडा मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. आमच्या घरीही सुबत्ता नव्हती, पण कणगीत ज्वारी होती. माझी आई अष्टमी-चतुर्दशीचे उपवास करी. उपवासाच्या दिवशी सकाळी सामायिक झाल्यावर ती आपल्या वाटणीची ज्वारी मापट्याने मोजून वेगळी काढी. दिवस मावळण्यापूर्वी खडीवरून परतणाऱ्या एका बाईच्या घरी ती मला मागच्या दाराने नेऊन द्यायची असे. आई बजावून सांगे, “देताना तिच्या तोंडाकडं बघायचं नाही. बस्तीतनं आलंय म्हणायचं.” ते बस्तीतून आलेले नव्हते. आईने खोटे बोलायला शिकविले, असा दोष सत्याणुव्रताच्या अंगाने कोणी काढील. काढावा. मी तिच्या बाजूने आहे. पारण्याच्या दिवशी आमच्याकडे पक्वान्न होत नसे, ताकातली कण्या-आंबील असे.

त्याच आईचा मुलगा पुढे काय वागला, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे बोलणे अप्रामाणिक होईल. खूप वर्षांपूर्वी एका गावी दशलक्षणाच्या सांगतेचा मोठा पारणा-समारंभ होता. दहा उपवास केलेल्यांची मिरवणूक निघाली, हारतुरे झाले, मांडवात पंगती बसल्या. मी स्वयंसेवक होतो, छातीवर बिल्ला होता. भांडी घासायला आलेली एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन वाढप्यांजवळ आली आणि मुलासाठी थोडा भात मागू लागली. मी तिला म्हणालो, “पाहुण्यांच्या पंगती उठू देत, मग.” ती म्हणाली, “आमी सकाळधरनं हितंच हाय, दादा.” आणि परत जाऊन भांड्यांपाशी बसली. शेवटची पंगत साडेतीन वाजता उठली. त्यानंतर तिला भरपूर दिले. टोपले भरून दिले. कालातिक्रम हा अतिचार मला त्या दिवशी पाठ होता. मी तो परीक्षेत लिहिला होता.

मांडवात त्या दिवशी उपाशी माणसे दोन प्रकारची होती. एकांच्या गळ्यात हार होता. दुसऱ्यांची भूक आम्हाला दिसतच नव्हती, आणि आम्ही तर आदल्या दहा दिवसांत भुकेचाच अभ्यास केला होता! उपवासाने भूक म्हणजे काय हे कळते, आणि ते कळल्यावर दुसऱ्याची भूक ओळखू यावी, एवढी तरी अपेक्षा या व्रताकडून करायला हरकत नाही.

आपल्याच समाजातील लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव येथे घेतले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. एका पंगतीत सगळ्या जातींची मुले जेवत. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाई त्यांच्या आई झाल्या. धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना गेला आणि अखेर मंगळसूत्रही गेले. त्या १९३० साली वारल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही. माझ्या सुरुवातीच्या तक्रारीला येथे उत्तर मिळते. स्त्रीच्या हाती द्यायला काही नाही असे मी म्हणालो. लक्ष्मीबाईंनी जे हाती होते ते दिले.

अलीकडच्या काळातले उदाहरण म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्याविषयी आपण वाचले आहे, त्यामुळे विस्तार करीत नाही.

आता आपल्या ट्रस्टपुढे एक विनंती ठेवतो आणि थांबतो. सुवर्णमहोत्सवी फलकाच्या खर्चाविषयी मी काही म्हणणार नाही, ते विश्वस्तांचे काम. माझे म्हणणे धान्याविषयी आहे. महिन्यात दोन अष्टम्या आणि दोन चतुर्दश्या येतात. आपल्या गावात या चारही तिथींना उपवास किंवा एकाशन करणारी शंभर माणसे तरी निघतील, असे मी धरतो. एका माणसाचे दिवसाचे धान्य चारशे ग्रॅम धरले आणि उपवास करणाऱ्याने तेवढेच बाजूला काढले, तर महिन्याला १६० किलो होते, वर्षाला एकोणीस क्विंटलांहून थोडे अधिक. यासाठी कोणाकडून देणगी घ्यायची नाही, सवाल बोलायचा नाही, कारण हे धान्य आपण खाल्लेलेच नाही. ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर पडणारी पाले, सरकारी दवाखान्यात रुग्णाजवळ बसलेले नातेवाईक, आणि आपल्याच समाजातली ती तीन-चार घरे, ज्यांची नावे आपल्याला माहीत आहेत पण आपण घेत नाही. एवढ्यांना ते पुरेल की नाही हे सहा महिन्यांत कळेल. नाही पुरले, तर एकभुक्त करणाऱ्यांनीही मापटे काढावे.

काही श्राविकांशी माझे बोलणे झाले आहे. त्यांची एकच अट आहे, ती मला फार आवडली. धान्य कोणी किती टाकले आणि कोणी किती नेले, याची वही ठेवायची नाही. विश्वस्तांपैकी एकांनी विचारले, मग हिशेब कसा द्यायचा? आलेले धान्य आणि गेलेले धान्य यांचे एकूण वजन लिहावे, नाव कोणाचेच लिहू नये, असे ठरले आहे.

परवा अनंत चतुर्दशी आहे. बस्तीच्या मागच्या दाराशी, पाण्याच्या टाकीजवळ, झाकणाची एक मोठी पत्र्याची कोठी आजच आणून ठेवली आहे. तिथला दिवा काढून टाकायला मी सांगितले आहे. दिवसा दोन वेळा दार उघडे राहील, सूर्योदयानंतर तासभर आणि सूर्यास्तापूर्वी तासभर. माझ्या आईचे ते मापटे घरी आहे. तळाशी थोडे चेपले आहे, माप जरा कमी भरते, तेव्हा मी वर एक मूठ टाकीन.